कुणाच्या गोठ्यातलं?

लिहायला सांगताना संपादकबाईंनी फोनवर एकच अट घातली, की पाककृती नकोत. मला हायसं वाटलं. जव्हारच्या एका मुलींच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर मी उमेदीची सगळी वर्षं सांभाळलं, पण मला विचाराल तर तिथे स्वयंपाक हे सगळ्यात सोपं काम होतं. डाळ शिजते, भाकरी फुगते, त्यात फारशी अक्कल लागत नाही. अक्कल लागते ती पातेल्यात काय घालायचं ते मिळवायला. माझी नोकरी खरी झाली ती जीपच्या मागच्या बाकावर, लोकांच्या ओट्यांवर आणि गोठ्यांत.

जव्हार-मोखाडा म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या चेहऱ्यावर एक ठरावीक दया उमटते. तिथे मुलांना खायला नसतं ना हो, असं हळू आवाजात विचारतात. भूक इथे आहे, ती मी पहिल्या दिवशी वसतिगृहात आलेल्या पोरींच्या जेवणात बघितली आहे. पण याच डोंगरात नागली पिकते, वरई पिकते, उडीद आणि खुरासणी पिकते. हे सगळं पिकवणाऱ्यांच्या लेकींनी कुठल्या कुठल्या गोदामातला तांदूळ खायचा आणि वर आभार मानायचे, हे मला कधी पटलं नाही आणि आजही पटत नाही. वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेच्या लोकांना मी हट्टी वाटायची. वाटू दे. हट्ट नसता तर त्या पोरींनी काय खाल्लं असतं ते मी पुढे सांगतेच.

लोकांना वाटतं, खात्रीचं दूध-धान्य शोधायचं म्हणजे भेसळ ओळखायची. भेसळ ओळखणं ही शेवटची पायरी, आणि तिथवर आलात म्हणजे आधीच फसलात. म्हैस पाण्यात ठेवून मोल करणारे व्यापारी सगळीकडे असतात. मी आधी म्हैस बाहेर काढायला लावायची. माझी पद्धत साधी होती. न सांगता जायचं, जेवणाच्या वेळी जायचं आणि त्या घरची माणसं स्वतः काय खातात ते बघायचं. विकायचा तांदूळ एका कणगीत आणि घरी खायचा दुसऱ्या कणगीत असं दिसलं, की दिलेला चहा प्यायचा आणि उठायचं. दाभोशाच्या एका म्हाताऱ्याने तर मला नवा तांदूळ द्यायला साफ नकार दिला होता. पोती भरून ओटीवर उभी, मी जीप थांबवून अंगणात उभी, आणि हा म्हणतो देवाला नवं दाखवायचं राहिलंय, त्याआधी दाणा हलायचा नाही. मी रिकाम्या हाताने परत आले आणि त्यानंतर कायम त्याच्याकडूनच तांदूळ घेतला. जो देवाच्या आधी खात नाही तो गिऱ्हाइकाला खडे घालणार नाही, एवढं माणूस मला कळतं.

उलट अनुभवही आले. बाजारात एकजण गावठी अंडी म्हणून तांबूस अंडी द्यायचा. दिसायला अगदी घरच्या कोंबडीची. एकदा ती उकडायला ठेवली तर पातेल्यात चहा तयार झाला आणि अंडी पांढरीशुभ्र होऊन वर आली. पातेलं तसंच उचलून मी त्याच्या दुकानी नेलं आणि म्हटलं, साखर तेवढी घाला, मी पिते. आसपासचे लोक हसले. त्याने मात्र मला पुढे कधी ओळख दाखवली नाही.

पण दूध हा माझा खरा दुखरा दात. पहिली काही वर्षं मोटरसायकलला कॅन अडकवून एक दूधवाला यायचा. बोलायला गोड, वेळेला पक्का. एप्रिलात एकदा थोडं दूध न तापवता तसंच ओट्यावर राहून गेलं. दुसऱ्या दिवशी बघते तर जसंच्या तसं, ना फाटलं, ना आंबलं. जव्हारला थंड हवेचं म्हणतात, पण एप्रिल तो एप्रिलच. मी मांजरीपुढे बशी ठेवली. तिने हुंगलं आणि शेपटी वर करून निघून गेली. मी त्याचं दूध बंद केलं. तो भयंकर चिडला. लोक दूध नासलं म्हणून भांडतात, तुम्ही नासलं नाही म्हणून भांडता, असं म्हणाला. मी म्हटलं, मांजर जे पीत नाही ते मी पोरींना पाजत नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी तर त्यानंतर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले.

मग मी इथल्याच गोठ्यातलं दूध शोधायला निघाले आणि माझी पुरती फजिती झाली. आमच्याकडे गाई कमी नाहीत. ठिपक्याठिपक्यांच्या डांगी गाई पाड्यापाड्यावर आहेत, कितीही पाऊस पडो, त्या डगमगत नाहीत. पण त्या पाळायच्या त्या बैलांसाठी आणि शेणासाठी. दूध वासराचं. कित्येक घरांत चहासुद्धा कोरा. वावर गावाच्या पुढे वांगणीत मी एका बाबाला दूध मागितलं, तेव्हा त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत नीट बघून घेतलं.

"बाई, तू काय वासरू हायस?" त्याने विचारलं.

मी जीपकडे वळले.

शेवटी जामसरच्या एका पाड्यावर लखमी भेटली. तिच्या दावणीला एक तांबडी आणि एक ठिपक्यांची अशा दोन गाई होत्या. शेती पावसावरची, भात झालं की काम संपलं. दिवाळीनंतर मजूर न्यायला मुकादमाची गाडी यायची आणि पाड्यावरची निम्मी घरं वीटभट्टीवर जायची. लखमी आणि तिचा नवराही जायचे, गाई दिराच्या दावणीला बांधून. भट्टीवरचं राहणं कसं असतं ते मी तिला विचारलं होतं. कच्च्या विटांचं खोपटं असतं, त्यात वाकून जायचं आणि वाकूनच बाहेर यायचं, एवढंच ती म्हणाली. नंतर जरा विचार करून तिने मला विचारलं, की मी दूध रोज घेणार का, पावसाळा उन्हाळा धरून. मी हो म्हटलं.

"मंग मी भट्टीला जायची नाय," ती म्हणाली.

आमचा सौदा तो एवढाच. तिच्या अटी दोन. कासेच्या चारांतले दोन सड वासराचे, त्यांना हात लावायचा नाही. आणि वाघबारशीला, म्हणजे वाघदेवाच्या सणाला, दूध काढायचं नाही. वाघबारशीला वसतिगृह तसंही दिवाळीच्या सुट्टीत बंद असतं, हे मी तिला सांगून बघितलं. तिने ऐकून घेतलं आणि अट पुन्हा एकदा सांगितली.

लखमीचं बघून शेजारच्या आणखी तिघी आल्या. चौघींचं दूध एका कॅनमध्ये जमायचं आणि सकाळच्या जीपने जव्हारला यायचं. ते बाजारच्या दुधासारखं रोज सारखं नसायचं. कधी दाट, कधी जरा कमी, पावसाळ्यात गवताच्या वासाचं. मुसळधार पावसात जीप यायची नाही तेव्हा मी दुधाऐवजी नागलीची आंबील करायची, आणि पोरी मिटक्या मारत प्यायच्या. लखमी भट्टीला गेली नाही. सलग काही वर्षं गेली नाही.

मग संस्थेत नवे चिटणीस आले. ठाण्याला राहायचे, आयुष्यभर एका मोठ्या दूध कारखान्यात प्रयोगशाळेत काम केलेलं. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. मुलींच्या पंगतीत खाली बसून जेवायचा आणि ताट स्वतः घासायचा. पण कुठल्याशा दुसऱ्या वसतिगृहात जेवणातून पोरी आजारी पडल्याचं त्यांनी ऐकलं होतं आणि त्या धसक्याने त्यांना सगळ्या वस्तू बंद पिशवीतल्या हव्या होत्या. नवरात्राच्या सुमारास ते आले ते पिशवीत लॅक्टोमीटर घेऊनच. काचेची नळी दुधात सोडायची, ती किती बुडते त्यावरून पाणी कळतं. सगळ्या स्वयंपाकिणींसमोर त्यांनी ती आमच्या कॅनमधल्या दुधात सोडली. नळी बुडाली ती चांगलीच बुडाली.

दुधात पाणी होतं. त्यांनी मला फैलावर घेतलं नाही, उलट समजूत घातली, आणि तेच मला जास्त झोंबलं. मावशी, तुम्ही विश्वास टाकला, त्यांनी तुम्हाला शेंडी लावली, असं म्हणाले. दिवाळीच्या सुट्टीनंतर पिशवीचं दूध आणि बाहेरचा ठेकेदार, असं कार्यकारिणीत ठरलंच आहे, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. पिशवीवर तारीख असते, काही झालं तर कुणालातरी जबाबदार धरता येतं, हा त्यांचा मुद्दा. मी म्हटलं, माझ्या दुधावर तारीख नसेल, पण ज्या बाईचं ते आहे तिच्या घरी मी डोळे मिटून जाऊ शकते. ते म्हणाले, मग जाऊन विचारा तिला.

गेले. खरं सांगते, जीपमध्ये बसले तेव्हा मला लखमीचाच राग आला होता. मी तिच्यासाठी इतक्यांशी भांडले आणि तिने माझंच नाक कापलं, असं मनात चाललं होतं. पोचले तेव्हा ती गाईखाली बसली होती. मला बघून ती दचकली नाही की उठली नाही. दूध काढून झालं, तांब्यातलं दूध तिने कॅनमध्ये ओतलं. मग माझ्या डोळ्यांसमोर तांब्यात चांगलं दोन ओंजळी पाणी घेतलं, गोल फिरवून तांब्या स्वच्छ विसळला आणि ते पांढरं पाणी कॅनमध्ये ओतून दिलं. पाठोपाठ शेजारणी आल्या. एकीने ओतलं, विसळलं, विसळलेलं ओतलं. दुसरीने तसंच. तिसरीचं भांडं मोठं म्हणून पाणीही जास्त.

आपण घरी काय करतो? पातेल्याला लागलेलं दूध विसळून चहात घालतो. कोणी फेकत नाही. चार घरची चार भांडी रोज विसळली जात होती आणि मी इतकी वर्षं गोठे तपासले, वासरं तपासली, पण कॅन भरताना कधी उभी राहिले नव्हते. ही चूक त्यांची तेवढीच माझी.

मी तिला सांगितलं, साहेबांना दुधात पाणी सापडलं. लखमीने कॅनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पाणी हायच. मीच घातला," ती म्हणाली. "पण चोरून नाय घातला. विसळलेला दूध कसाला टाकू? भुईला पडला तं गाय आटते."

दूध पायदळी जाऊ द्यायचं नाही, हे मलाही माझ्या आईने शिकवलं होतं. मी म्हटलं, बाई, विसळायचं तर विसळ, पण कॅनमध्ये नको. मग कुठे, यावर चौघींची बरीच चर्चा झाली. वासराला पाजावं तर ते पोट भरून झोपलेलं. चुलीत घालणं तर पापच. शेवटी लखमीनेच तोडगा काढला. विसळलेलं पाणी गाईच्या पाणी प्यायच्या डोणीत ओतायचं. तिचं तिला परत, म्हणजे भुईवरही पडलं नाही आणि साहेबाच्या नळीलाही लागलं नाही. त्या दिवसापासून एक थेंब पाणी कॅनमध्ये गेलेलं नाही.

मी चिटणीस साहेबांना फोन केला आणि सांगितलं, मला खोटं ठरवायचं असेल तर जामसरला येऊन ठरवा. ते आले, हे त्यांचं मोठेपण. लखमीच्या अंगणात बाजेवर बसले, दूध काढताना बघितलं. कोमट दुधात नळी खोटं बोलते, म्हणून ते गार होईपर्यंत थांबले. मग नळी सोडली. नळी वर तरंगली. त्यांनी दोनदा करून बघितलं आणि मोकळेपणाने मान्य केलं, की दूध चोख आहे. मग म्हणाले, पण मावशी, आजचं चोख आहे. रोज इथे येऊन कोण उभं राहणार? ठरलंय ते ठरलंय.

लखमी हे सगळं गाईच्या मानेवर हात ठेवून ऐकत होती. आमच्याकडे मोठ्यातल्या मोठ्या साहेबालाही तू म्हणतात, त्यात अनादर नसतो.

"माझी गाय तू बघलास," ती त्यांना म्हणाली. "आता तुझे पिशवीची गाय मला दाव."

साहेब हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की ती हसत नाहीये. ते जीपमध्ये जाऊन बसले. परत येताना वाटेत त्यांनी मला समजावलं, की मी भावनेच्या आहारी जाते आहे, संस्था अशी चालत नाही. मी म्हटलं, बरोबर आहे, संस्था तुमची आहे, चालवा. फक्त सुट्टीनंतर ते पिशवीतलं दूध तापवायला दुसरी बाई बघा. त्यांना वाटलं मी रागाने बोलते आहे. मी रागानेच बोलत होते, पण विचार करूनच बोलत होते. सुट्टी लागली त्या दिवशी कोठीच्या किल्ल्या देऊन मी घरी आले. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती, तेवढी तरी काढायची होतीस, असं सगळे म्हणाले. आमच्या ह्यांनी एवढंच विचारलं, की आता माझ्या हातचं रोज जेवायला मिळणार का. मी म्हटलं, ते लखमीचं दूध मला गावात विकता येतं की नाही त्यावर आहे.

एक बोच मात्र आहे आणि ती जाणार नाही. त्या पोरींना मी सोडून आले. ज्यांच्यासाठी हा सगळा उपद्व्याप केला, त्यांच्याच पेल्यात ते दूध राहिलं नाही. आता त्या काय पितात ते मला माहीत नाही, आणि माहीत नसणं हेच मला सहन होत नाही. चिटणीसांची बाजू मला कळते. पण पटत नाही म्हणजे नाही.

दिवाळीच्या दिवसांत मी जव्हारमध्ये दारोदार फिरले. फराळाला म्हणून घरात शिरायची आणि दुधाचं बोलायची. एका मास्तरीणबाईंनी विचारलं, रोज एकसारखं दाट मिळेल का? मी म्हटलं, गाईला विचारून सांगते. एकाने सायीचा रंग पिवळा म्हणून नाक मुरडलं. मी त्याला म्हटलं, घरच्या गाईची साय तुम्ही बघितलेलीच दिसत नाही. एका चहावाल्याने दोन दिवस तापवून बघतो म्हटलं. बस, एवढीच गिऱ्हाइकं. तेवढ्यात कॅन रिकामा होणार नव्हता हे मला कळत होतं. तरी मी जामसरला निरोप धाडला की कॅन पाठव. गिऱ्हाइकं किती ते लखमीने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

मुकादमाची गाडी पाड्यावर यायची होती त्या सकाळी मी मुद्दाम गेले. ट्रक आधीच येऊन उभा होता. भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरं, सगळं वर चढत होतं. लखमीचा नवरा ट्रक आणि घर यांच्या मध्ये उभा होता, कुठल्याच बाजूला न जाता. वसतिगृहाचं दूध तुटलं ही बातमी मुकादमापर्यंत पोचली होती, आणि त्याने त्यांच्यासाठी जागा धरून ठेवली होती. लखमी तांब्या घेऊन तांबडीच्या कुशीशी बसली. वासराला आधी लावलं, मग बाजूला घेतलं, कासेवरून हात फिरवला. तांब्यात पहिली धार वाजली.

मुकादमाने हॉर्न दिला. मग खाली उतरून अंगणाच्या कडेपर्यंत आला आणि म्हणाला, "लखमे, चल. गाडी भरली."

तिने मान वर केली नाही.

"गाय पान्ह्यावर हाय," ती म्हणाली. "आता मी नाय उठायची."

मुकादम मागे फिरला. पान्हावलेल्या गाईखालून बाईला उठवायचं नसतं, हे त्यालाही माहीत होतं, तोही इथलाच. तिच्या नवऱ्याने हळूच पुढे होऊन वासराची दोरी धरली. ट्रक गेला. लखमीने दूध कॅनमध्ये ओतलं, तांब्या विसळून पाणी डोणीत टाकलं, आणि आम्ही दोघी झाकण लावून जीपची वाट बघत रस्त्यावर उभ्या राहिलो.